ब्राझिलियन जिउ-जित्सू प्रशिक्षणस्थळाची निवड

ब्राझिलियन जिउ-जित्सू या क्रीडाप्रकारात स्पर्धात्मक पातळीवरील प्रशिक्षण घेण्यासाठी अकादमी निवडणे हा प्रत्येक होतकरू खेळाडूपुढे केव्हा ना केव्हा उभा राहणारा प्रश्न आहे. या खेळात खेळाडू घडतो तो बहुतांशी खाजगी अकादमीत, एका गुरूच्या हाताखाली आणि रोजच्या जोडीदारांशी झटापट करीत. पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतचा प्रवास नियमित सराव करणाऱ्यासही साधारणतः दहा वर्षांचा असतो. निवड चुकली तर तारुण्यातील काही वर्षे, गुडघे व खांदे आणि कष्टाने जमवलेला पैसा या तिन्हींची हानी होते. म्हणून जगभरच्या अनुभवी खेळाडूंच्या चर्चेत एखाद्या डावाइतकेच महत्त्व या विषयाला मिळालेले दिसते.

पार्श्वभूमी

या कलेचे मूळ जपानी आहे. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्यो येथे स्थापन केलेल्या कोदोकान या ज्युदोसंस्थेचे शिष्य मित्सुयो माएदा हे 1914 मध्ये ब्राझीलमध्ये पोहोचले व पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम या शहरात स्थायिक झाले. तेथे कार्लोस ग्रेसी यांनी त्यांच्याकडून धडे घेतले. कार्लोस व त्यांचे धाकटे बंधू एलिओ यांनी रिओ दि जानेरोत ही कला जमिनीवरील झुंजीच्या अंगाने वाढवली. माएदांचेच दुसरे शिष्य लुईझ फ्रान्सा यांच्याकडून शिकलेले ओस्वाल्दो फादा यांनी मात्र रिओच्या गरीब उपनगरांत नाममात्र मोबदल्यात किंवा विनामूल्य शिकवले. ग्रेसी घराण्याची कीर्ती जगभर झाली, फादांचे नाव त्या मानाने मागे राहिले. तरी रिओच्या मेयेर भागात उदयास आलेली जीएफ टीम ही आजची बलाढ्य अकादमी आपली गुरुपरंपरा फादांपर्यंत नेऊन पोहोचवते. जगज्जेता रोदोल्फो व्हिएरा याच अकादमीत घडला. श्रीमंत वस्तीतील काचेच्या दाराची अकादमी म्हणजेच उत्तम अकादमी, हा समज त्यामुळे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

1993 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत सडपातळ अंगाच्या रॉइस ग्रेसीने आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना नमवले आणि या कलेकडे जगाचे लक्ष गेले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1996 मध्ये रिओत सुरू झाली व 2007 पासून ती कॅलिफोर्नियात भरू लागली. स्पर्धेपाठोपाठ प्रशिक्षकही गेले. पूर्वी ‘शिकायचे तर ब्राझीलला जा’ एवढेच उत्तर होते; आता त्या प्रश्नाला रिओ, साओ पाउलो, सॅन दिएगो, ऑस्टिन, न्यूयॉर्क, लंडन अशी अनेक उत्तरे आहेत, आणि त्यामुळेच निवड अवघड झाली आहे.

पाटी आणि मूळ अकादमी

मोठ्या संघांची रचना शाखांच्या स्वरूपाची असते. कार्लोस ग्रेसी ज्युनियर यांनी 1986 मध्ये रिओच्या बारा दा तिजुका या भागात सुरू केलेल्या ग्रेसी बारा या अकादमीच्या आज जगभर शेकडो शाखा आहेत. 1993 मध्ये स्थापन झालेल्या अलायन्स या संघाचाही विस्तार असाच आहे. दारावरची पाटी एकच असली तरी आतील शिक्षण एकच असेल असे नाही. शाखेचा प्रमुख कोण, तो स्वतः कोणाकडे शिकला, मुख्य अकादमीशी त्याचा प्रत्यक्ष संबंध किती, यांवर सारे अवलंबून असते. काही शाखा केवळ नाव व अभ्यासक्रम वापरतात. जगज्जेत्या गुरूचे दर्शन वर्षातून एखाद्या शिबिरात घडते.

मूळ अकादमीतही हा प्रश्न सुटतोच असे नाही. नामांकित गुरू स्पर्धा, शिबिरे व शाखाभेटी यांसाठी वारंवार प्रवासात असतात. नवख्यांचे वर्ग सहसा दुय्यम शिक्षक घेतात, आणि स्पर्धकांचा स्वतंत्र वर्ग काही ठिकाणी केवळ निमंत्रितांसाठी असतो. दूरदेशीहून आलेला विद्यार्थी या वर्गात बसू शकेल काय, हे आगाऊ विचारून घेणे आवश्यक ठरते. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे सहा महिने प्राथमिक वर्गातच घालवून परतलेल्यांच्या कथा या खेळात नव्या नाहीत.

जोडीदारांचे महत्त्व

अकादमीच्या गुणवत्तेचा सर्वांत विश्वसनीय निकष म्हणजे मॅटवर रोज उतरणारी माणसे. या खेळात डाव पाहून येत नाही, तो प्रतिकार करणाऱ्या शरीरावरच पक्का होतो. गुरूने दाखवलेला गळफास अर्ध्या तासात समजतो. पण समजलेले हातात उतरते ते त्याच वजनाच्या, त्याच वयाच्या, किंचित वरचढ जोडीदाराशी शेकडो वेळा झुंजल्यावर. कोल्हापूरच्या तालमींत वस्तादाच्या नावाइतकीच तिथे लढायला कोण कोण आहेत याची चौकशी का होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

जोडीदारांची केवळ संख्या पाहून भागत नाही. ऐंशी किलोच्या आठ जांभळ्या पट्ट्यांमध्ये पंचावन्न किलोचा एकटा खेळाडू सापडला तर त्याला बचाव उत्तम येईल, आक्रमण क्वचितच. उलट सर्वांत बलवान असणे हेही घातकच, कारण तेथे चुका लपून राहतात. स्त्री-खेळाडूंच्या बाबतीत हा निकष अधिकच कठोर होतो. समान वजनाच्या स्त्री-जोडीदार असलेल्या अकादमी तुलनेने थोड्या असल्याने, नाव थोडे कमी असलेली पण मॅटवर दहाबारा स्त्रिया नियमित उतरणारी अकादमी त्यांच्या दृष्टीने अनेकदा अधिक हिताची ठरते.

एक ढोबळ पडताळा असा: अकादमीच्या भिंतीवर लावलेली पदके कोणत्या साली मिळाली आणि ती मिळवणाऱ्यांपैकी आज किती जण तेथे सराव करतात, हे पाहावे. स्वतःच्या निळ्या पट्ट्यांना काळ्यापर्यंत वाढवणारी अकादमी आणि इतरत्र तयार झालेल्या विजेत्यांना आपल्या नावाखाली उतरवणारी अकादमी यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या अकादमीत जोडीदार उत्कृष्ट मिळतात. मात्र तिने माणूस घडवल्याचा पुरावा पदकांवरून मिळत नाही.

काही खेळाडूंच्या निवडी

मार्सेलो गार्सिया यांचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. मिनास जेराइस राज्यातील फोर्मिगा या लहानशा गावचा हा मुलगा गावात वाव नाही हे ओळखून पोसोस दे काल्दास येथे पाउलो रेझेंदे यांच्याकडे गेला. पुढे त्याने साओ पाउलोत अलायन्सचे फाबिओ गुर्जेल यांची अकादमी गाठली. 2003 मध्ये साओ पाउलोतच झालेल्या एडीसीसी या पकडझुंजीच्या स्पर्धेत त्याला ऐनवेळी बदली खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला, आणि त्याने आपल्या वजनी गटाचे विजेतेपद पटकावले. ती स्पर्धा त्याने एकूण चार वेळा व जागतिक अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. लक्षात घेण्याची गोष्ट ही की त्याने गाव एकदम सोडून थेट राजधानी गाठली नाही. प्रत्येक टप्प्यावर, आहे तेथले शिकणे संपत आल्यावरच तो पुढे सरकला.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. राफाएल व गिल्येर्मे हे मेंदेस बंधू साओ पाउलो राज्यातील रिओ क्लारो या मध्यम शहरात रामोन लेमोस यांच्याकडे घडले. तेथे थोड्याच पण समवयस्क व समवजनी जोडीदारांचा संच जमला होता आणि त्यांतून जगज्जेते निर्माण झाले. या बंधूंनी पुढे 2012 मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे स्वतःची अकादमी उघडली. रॉजर ग्रेसी यांनी लंडनमध्ये अकादमी चालवत असतानाच 2009 चे जागतिक अजिंक्यपद वजनी व खुल्या अशा दोन्ही गटांत जिंकले. मोठे शहर हाच मोठा सराव असे समीकरण मांडता येत नाही.

संघांची फूट व निष्ठेचा प्रश्न

अकादमी निवडताना ती किती काळ त्याच स्वरूपात टिकेल याचा विचार क्वचितच होतो, तो व्हावयास हवा. रिओमधील कार्लसन ग्रेसी यांचा संघ एके काळी सर्वांत दरारा असलेला होता. त्यातून बाहेर पडलेल्या ज्येष्ठ शिष्यांनी 2000 मध्ये ब्राझिलियन टॉप टीम काढली. न्यूयॉर्कमधील रेन्झो ग्रेसी यांच्या अकादमीच्या तळघरात जॉन डॅनहर यांनी तयार केलेला संच पुढे प्वेर्तो रिकोला हलला, 2021 मध्ये फुटला आणि त्याचे दोन्ही भाग टेक्सासमधील ऑस्टिन शहरी स्थिरावले. या संचामागे आपले घर, नोकरी सोडून गेलेल्या सामान्य विद्यार्थ्याची अवस्था वृत्तांतात येत नाही.

संघ सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाणाऱ्यास ब्राझीलमध्ये ‘क्रिओंते’ म्हणत. हा शब्द एका दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रावरून आला व कार्लसन ग्रेसी यांच्यामुळे रूढ झाला. निष्ठेची ही कल्पना आता सैल झाली असली तरी नाहीशी झालेली नाही. काही अकादमी अन्यत्र सराव करण्यास मनाई करतात, काही केवळ आपल्याच नावाचा गी परिधान करण्याची अट घालतात. पाहुण्यांना मोकळेपणाने येऊ देणारी आणि आपल्या विद्यार्थ्यांना बाहेर जाऊन लढू देणारी अकादमी ही सामान्यतः आत्मविश्वासाची खूण मानली जाते. जुन्या गुरूस स्वतः भेटून, कारण सांगून निरोप घेणे हा शिष्टाचार आजही सर्वत्र पाळला जातो. अर्थात जेथून भीतीपोटी निघावे लागते तेथे हा शिष्टाचार लागू होत नाही.

गी, नो-गी व नियम

गी म्हणजे जाड सुती अंगरखा व विजार. तो घालून आणि न घालता असे या खेळाचे दोन प्रकार असून त्यांत पकडी बऱ्याच भिन्न असतात. ज्याला एडीसीसीसारख्या स्पर्धा लढायच्या आहेत त्याने केवळ गीचे वर्ग घेणारी अकादमी निवडणे व्यर्थ होय. टाच पिळून गुडघा निकामी करणारा ‘हील हूक’ हा डाव आंतरराष्ट्रीय महासंघाने 2021 पासून नो-गी प्रकारात प्रौढ तपकिरी व काळ्या पट्ट्यांना खुला केला. गीमध्ये तो आजही निषिद्ध आहे. हा डाव शिकवणाऱ्या अकादमीत नवख्यांना त्यातून सुटका व वेळीच हार मानणे आधी शिकवले जाते की नाही, हे पाहणे इष्ट.

2018 पासून आशियाई क्रीडास्पर्धांत जिउ-जित्सूचा समावेश आहे. तेथील नियम व वजनी गट वेगळ्या महासंघाचे असल्याने भारताकडून खेळू इच्छिणाऱ्याने ते आधी तपासावे.

सुरक्षितता

उत्तम शिकवणारा गुरू चांगला माणूस असतोच असे नाही. गुरूवरील अतिरेकी श्रद्धा आणि बंद दारांमागील शरीरसान्निध्य यांमुळे या खेळात शोषणाची प्रकरणे घडली आहेत. अल्पवयीन मुलांच्या पालकांना वर्ग पाहू दिला जातो काय, प्रौढ शिक्षक मुलांशी एकांतात किंवा खाजगी संदेशांतून संपर्क ठेवतात काय, तक्रार कोणाकडे करावयाची, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. परगावी अकादमीतच राहण्याची सोय घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही चौकशी आणखी काटेकोर असावी, कारण तेथे छप्पर, जेवण आणि पट्टा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असतात.

शारीरिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मॅट रोज जंतुनाशकाने पुसल्या जात नसतील तर नायटा व जिवाणूजन्य त्वचारोग झपाट्याने पसरतात. हार मानूनही पकड न सोडणाऱ्या विद्यार्थ्यास गुरू काय म्हणतो, हे एका तासाच्या निरीक्षणात कळते.

निवडीपूर्वीची भेट

स्थलांतरापूर्वी किमान एकदोन आठवडे पाहुणा म्हणून सराव करण्याची प्रथा रूढ आहे. बहुतेक अकादमी एकेका दिवसाचे किंवा आठवड्याचे शुल्क घेऊन अशी परवानगी देतात. या भेटीत दुपारच्या वर्गाला किती जण येतात हे पाहावे. संध्याकाळी गर्दी सर्वत्रच असते, दिवसा येणारे ते खरे स्पर्धक. दुखापत झालेले विद्यार्थी किती आहेत, आणि ते बाजूला बसून तरी वर्गास येतात की दिसेनासेच होतात, यावरूनही बरेच समजते.

खर्चाचा हिशेब केवळ मासिक शुल्कावरून करू नये. घरभाडे, आहार, स्पर्धांचे प्रवेशशुल्क व विमा यांचा भार त्याहून मोठा असतो. भारतीय नागरिकास ब्राझील व अमेरिका या दोन्ही देशांसाठी व्हिसा लागतो आणि पर्यटक म्हणून गेलेल्यास तेथे नोकरी करून निर्वाह करता येत नाही. ब्राझीलमधील वर्ग पोर्तुगीजमध्ये चालतात. अंगाची भाषा लवकर कळते, पण गुरूने हळू आवाजात सांगितलेली दुरुस्ती कळण्यासाठी दोनतीन महिन्यांची भाषेची तयारी आधी करून जाणारे अधिक लाभ घेतात.

पट्टाबढतीचे धोरणही विचारून ठेवावे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार प्रौढास निळ्या पट्ट्यावर साधारणतः किमान दोन वर्षे, जांभळ्यावर दीड वर्ष व तपकिरीवर एक वर्ष काढावे लागते, आणि काळ्या पट्ट्यासाठी किमान वय 19 वर्षे आहे. ठरावीक रक्कम भरून ठरावीक महिन्यांत पट्टा देऊ करणाऱ्या अकादमीचा पट्टा स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत उघडा पडतो. अल्प मुदतीसाठी गेलेल्या विद्यार्थ्याची बढती कोणी करावयाची, मूळ गुरूने की यजमान गुरूने, हे निघण्यापूर्वी दोघांच्याही कानावर घातलेले असावे.