नाणं टाका, चाक थांबेपर्यंत थांबा: काळाचौकीतल्या वजनाच्या मशीनची गोष्ट

मागच्या एपिसोडनंतर काही जणांनी विचारलं, की परदेशात लोक जुनी पिनबॉल मशीनं घासूनपुसून पुन्हा चालू करतात, तसं आपल्या गिरणगावात काही होतं का? आमच्याकडे पिनबॉलचं नाव मी कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण नाणं टाकलं की दिवे लुकलुकतात, चाक गरगरतं, आतून खट् असा आवाज येतो आणि खालच्या खाचेतून आपलं नशीब बाहेर पडतं, असं यंत्र होतं की! लोकलच्या प्लॅटफॉर्मवर. वजनाचं मशीन.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते चालू बघितलेलं नसेल. माणसाएवढं उंच लाल-पिवळं कपाट. वर काच, काचेमागे रंगीत चकती. वर उभं राहायचं, चकती स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग नाणं. पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, जुन्या रेल्वे तिकिटाच्याच मापाचं. एका बाजूला वजन, दुसरीकडे भविष्य नाहीतर सिनेमातला चेहरा. नाण्यावर चालणारी वजनाची यंत्रं १८८० च्या दशकात ब्रिटनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट नावाच्या माणसाने चालवली. पिनबॉल त्यानंतरचं: १९३१ चं ‘बॅफल बॉल’ गाजलं, १९४७ मध्ये चेंडू परतवणारे फ्लिपर आले. न्यूयॉर्कने तर पिनबॉलला जुगार ठरवून १९४२ ते १९७६ बंदी घातली होती. आपल्या मशीनवर असा आळ आला नाही. नशीब तेही विकत होतं, पण सोबत वजन देत होतं ना.

तर असं एक मशीन सध्या काळाचौकीत, दत्ताराम लाड मार्गाजवळच्या एका गाळ्यात उघडून ठेवलंय. भंगारातून आणलेलं. आणणारे काका गणपतीच्या लायटिंगची कामं करतात, चाळीस वर्षं तरी झाली असतील. जागाही बरोबर आहे म्हणा. काळाचौकीचं स्टेशन कॉटन ग्रीन, आणि याच हार्बरच्या रुळांवर ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली.

आता काचेचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. रंग काचेच्या पुढून नाही, मागून दिलेला असतो. पिनबॉलची वरची काचही तशीच. याला उलटं डोकं लागतं: कागदावर शेवटी जी चमक देतो ती इथे आधी, मग रेघ, मग आतला रंग, आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. अठराव्या शतकात चीनच्या कँटनहून अशी काचचित्रं पश्चिम भारतात यायची. म्हणजे तंत्र जुनंच, फक्त आपल्याकडे ते देवघरातून प्लॅटफॉर्मवर आलं.

काकांच्या काचेवर कमळांची किनार आणि मध्ये मोठी अक्षरं आहेत. अक्षरांची काळी रेघ ठणठणीत, आतला लाल मात्र उडून फिक्या गुलाबीवर आलेला. काळा म्हणजे काजळी, तिला उन्हाचं काही वाटत नाही. स्वस्तातले लाल सगळ्यात आधी जातात. पिवळा फिका होण्याऐवजी मळकट तपकिरी झालाय. क्रोम पिवळ्याची ती खोडच असते. आणि खालच्या बाजूला रंगाच्या खपल्याच सुटल्यात.

मूळ लाल कसा होता, हे कसं कळणार? काकांनी फ्रेमचे स्क्रू काढले. पट्टीखाली अर्धा इंच काच अशी होती, की तिथे कधी उजेड पोचलाच नव्हता. तिथला लाल बघून मी गप्प झाले. ओल्या कुंकवासारखा.

“अगं, आता सगळं यानेच रंगवून टाकू. चकाचक!” असं मंडळातला एक मुलगा म्हणाला. काका तयार नव्हते, आणि मीही त्यांच्याच बाजूची आहे. ज्याने हाताने ती अक्षरं काढली त्याचं नाव कुठेही नाही. त्याची वळणं तेवढी उरलीत. ‘व’च्या गाठीला तो किंचित अडखळतो, दर वेळी. वरून रंग मारला की ते गेलं. काकांनी केलं ते असं: सुटणाऱ्या खपल्या पातळ वॉर्निशने जागच्या जागी धरल्या, आणि नवा रंग काचेवर न लावता पारदर्शक फिल्मवर लावून ती मागे बसवली. उद्या कुणाला नको वाटलं तर फिल्म काढायची, काच जशीच्या तशी.

खपल्या का सुटल्या? दिव्यांमुळे. आत पाच ‘झीरोचे’ बल्ब होते. हा झीरो नावाचाच बरं का. खातो साधारण पंधरा वॉट, जुन्या मीटरला ते कळायचं नाही इतकंच. म्हणजे बंद डब्यात पंचाहत्तर वॉटची शेगडी. पिनबॉलवाल्यांचंही हेच दुखणं. तिथे ६.३ व्होल्टचे दोन नंबर चालतात, ४४ आणि ४७. पहिला २५० मिलिअँपिअर घेतो, दुसरा १५०. काचेची काळजी असलेला माणूस ४७ लावतो.

म्हणून एलईडी लावायला माझी हरकत नाही. पण कुठलाही नाही. थंड पांढरा एलईडी लावून बघितला तर तो लाल मेलेला दिसला. चितारी पिवळट बल्बच्या उजेडात काम करत होता, रंग त्या उजेडासाठी निवडलेले. म्हणून २७०० केल्विनचा उबदार एलईडी, पुढे बटर पेपर. दुसरी भानगड चकतीची. दिवे मुळात लुकलुकत नाहीतच, ते स्थिर असतात. खाचा असलेली चकती पुढून फिरते म्हणून लुकलुकल्यासारखे दिसतात. स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिटतो. तुमच्या फोनच्या व्हिडिओत पट्टे येतात ना, तेच. त्यापुढे ही चकती फिरवली तर ती मधेच थांबल्यासारखी, कधी उलटी फिरल्यासारखी दिसते. काकांनी चांगला ड्रायव्हर टाकला तेव्हा कुठे ती सरळ फिरली.

एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या आईनेही विचारलं. तिच्याच कपाटात आजोबांचा पत्र्याचा डबा आहे. आजोबा गिरणीत साच्यावर होते, आणि करी रोडला पगाराच्या दिवशी वजन करायचे. तिकिटांवर पेनाने तारखा घातल्यात. १९८१ च्या दिवाळीला ६२ किलो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. पगार थांबले तशी तिकिटंही थांबली. मग एकच आहे, १९८३ च्या पावसाळ्यातलं. ५३. मागे छापलंय, की प्रवासाचा योग आहे. त्या वर्षी ते गावी गेले, कोकणात, सहा महिने.

त्यामुळे माझा हट्ट होता, की मशीन नुसतं लुकलुकून चालणार नाही, वजन खरं दाखवलं पाहिजे. काकांनी प्रमाणित वजनं आणून वीस-वीस किलोंनी तपासलं. साठच्या पुढे दीड किलो कमी दाखवत होतं. स्प्रिंग बदलली, आता बरोबर आहे.

उरला प्रश्न नाण्याचा. खाच २५ मिलिमीटरच्या स्टीलच्या रुपयाची आहे. २०११ पासूनचा रुपया २२ मिलिमीटरचा, तो सरळ खाली घरंगळतो, मशीन ढिम्म. खाच कापायची नाही असं ठरलंय. तेव्हा घरात जुने मोठे रुपये पडले असतील तर दोन-चार बाजूला ठेवा. गणपतीत मशीन मंडळाच्या दारात असेल. पिवळा तेवढा अजून जमलेला नाही.