फ्रीडॉस

फ्रीडॉस : मायक्रोसॉफ्टच्या १९८१ सालच्या एमएस-डॉस या कार्यप्रणालीशी सुसंगत असलेली, संगणकासाठीची मुक्त कार्यप्रणाली. डॉसचा काळ मायक्रोसॉफ्ट लवकरच संपविणार हे स्पष्ट होताच जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९४ मध्ये तिचा संकल्प जाहीर केला; आणि स्वयंसेवकांच्या दीर्घ परिश्रमांतून सिद्ध झालेली तिची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा गाभा जीपीएल परवान्याखाली खुला असल्याने तो तपासण्याची व सुधारण्याची मुभा सर्वांस आहे.

फाइलचे नाव आठ अक्षरांचे व त्यापुढील प्रत्यय तीन अक्षरांचा, हा डॉसचा मूळ दंडक येथेही आढळतो. मात्र एमएस-डॉस ६.२२ ला न वाचता येणारी फॅट-३२ पद्धतीची डिस्क ही प्रणाली हाताळू शकते. केवळ यूईएफआय या प्रारंभ-व्यवस्थेवर चालणाऱ्या नव्या संगणकावर ती थेट सुरू होत नसल्याने तेथे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्राची तजवीज करावी लागते. ज्या कारखान्यातील यंत्र सुस्थितीत असूनही त्याचा प्रोग्रॅम डॉसखेरीज चालत नाही, किंवा ज्या कचेरीचे जुने दप्तर डॉसकालीन प्रोग्रॅमांवाचून उघडत नाही, त्यांच्या दृष्टीने पूर्वसूरींचे श्रम व ज्ञान उपयोगात राखणारी ही प्रणाली अत्यंत मोलाची आहे.