सातबारा नसलेली माणसे



मागे बहात्तरच्या दुष्काळावर लिहिले होते, ते वाचून पुण्याच्या पुतणीने विचारले, "काका, सरदार सरोवरात ज्यांची गावे गेली त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची असे लवादानेच ठरवून दिले होते ना? मग इतकी वर्षे भांडण कशाचे चालले?" प्रश्न अगदी सरळ आहे, पण उत्तर सरळ नाही. ते सातबाऱ्याच्या वाटेने जाते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

शहरातल्या मुलांसाठी आधी सातबारा. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सात असतो, त्यात जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेले असते. नमुना बारात कोणते पीक घेतले ते असते. दोन्ही मिळून सातबारा. आम्हां सपाटीवरच्या लोकांना वाटते की जमीन म्हटली की सातबारा असणारच, जसे मूल म्हटले की नाव असणारच. तळोदा-शहाद्याच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत हे खरेही आहे. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्याचा (१ जुलै १९९८ पूर्वी तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता) उत्तरेकडचा अर्धा भाग म्हणजे सातपुडा. अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके. अक्राणीचे मुख्य गाव धडगाव, म्हणून लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालला, पण कागद झाला नाही.

का झाला नाही, याचा इतिहास आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. भिल्लांना काबूत आणायला त्यांनी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली, पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव करण्याचा मार्ग खुला केला. अक्कलकुव्याकडे काठी, सिंगपूर, नाला, गव्हाळी, चिखली, नवलपूर अशी छोटी मेवासी संस्थाने होती. (काठीची राजवाडी होळी आजही पाहण्यासारखी असते. एकदा तरी या!) डोंगरातल्या अनेक गावांची मुलखी मोजणी कधी धड झालीच नाही. इतकेच काय, या दोन तालुक्यांतली ७३ गावे 'वनगावे' म्हणूनच राहिली होती. गाव वनखात्याचे, शेत वनखात्याचे, आणि आजोबा-पणजोबांपासून तिथेच कसणारा माणूस? तो 'अतिक्रमणदार'. ही गावे महसुली व्हायला नव्वदचे दशक उजाडावे लागले, आणि त्यानंतरही उतारे हातात पडायला वर्षे गेली. आमच्या भाषेत या शब्दाइतका अन्यायी शब्द मला दुसरा आठवत नाही. जो आधीपासून आहे त्याने कोणावर आक्रमण केले?

आता नर्मदेकडे वळू. नर्मदा जल तंटा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. त्यात चांगल्या गोष्टी होत्या, हे मान्य केले पाहिजे. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाईल त्याला जमीनच द्यायची, तीही ओलिताखाली येणारी, आणि किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब धरायचे. त्या काळी देशात धरणग्रस्तांना इतके कोणी देत नव्हते. महाराष्ट्राची ३३ गावे या धरणात जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. पहिले गाव मणिबेली.

पण 'ज्याची जमीन जाईल' म्हणजे कोणाची? इथेच पाय अडकला. दप्तरात नाव असेल तो खातेदार. वनजमीन कसणारा अतिक्रमणदार किंवा भूमिहीन. म्हणजे पाच-सहा एकरांत ज्वारी, भगर, मोर पिकवणारा, दारात दहा आंब्याची आणि मोहाची झाडे असणारा गृहस्थ कागदावर भूमिहीन! आणि मोहफुले, चारोळी, डिंक, टेमरूची पाने, नदीतले मासे, नदी ओसरल्यावर गाळात घेतलेले पीक, यांना तर कोणत्याच नमुन्यात रकाना नव्हता. धडगावचे आमचूर तुम्ही मुंबई-पुण्यात खात असाल. ते ज्या आंब्यांचे होते, त्यातले किती आंबे पाण्यात गेले असतील?

गुजरात सरकारने डिसेंबर १९८७ मध्ये ठरवले की भूमिहीनांना आणि अतिक्रमणदारांनाही दोन हेक्टर द्यायचे. आमच्या महाराष्ट्राने हात आखडता घेतला. त्यामुळे एकाच नदीच्या काठावर, एकाच धरणाखाली, राज्याप्रमाणे माणसाची किंमत वेगळी झाली. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हे शोभले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सज्ञान मुलाची गोष्ट तर आम्हां शिक्षकांच्या जवळची. वय सिद्ध करायला दाखला लागतो आणि दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरमधून निघतो. पूर्वी जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलाची तारीख सरसकट १ जून लिहायची रीत होती, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. (आमच्या नातेवाइकांतही १ जूनवाले निम्मे निघतील!) सपाटीवर त्याने फारसे बिघडत नाही. पण डोंगरात जिथे शाळाच नव्हती तिथे रजिस्टर कुठले? ठरलेल्या तारखेला मुलगा अठराचा होता की सतराचा, यावर त्याला वेगळी जमीन मिळणार की नाही ते ठरायचे, आणि ते सांगायला आईच्या आठवणीखेरीज काही नव्हते.

मेधाताई पाटकर १९८५ मध्ये या भागात आल्या. पुढच्या वर्षी इथे नर्मदा धरणग्रस्त समिती झाली, मग नर्मदा बचाव आंदोलन. आंदोलनाबद्दल आपल्याच घरात दोन मते आहेत, ते मला माहीत आहे. कच्छ-सौराष्ट्राला पाणी नको होते का, असे विचारणारे माझे मित्र आहेत, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की कागदाचा हा घोटाळा जगासमोर आला तो या लोकांमुळे. जागतिक बँकेने १९८५ मध्ये धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. आरडाओरड झाल्यावर तिने ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. १९९२ च्या अहवालात समितीने आठवण करून दिली की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला आहे आणि त्यात आदिवासींचा परंपरागत वहिवाटीचा हक्क मानलेला आहे. म्हणजे अतिक्रमण हा शब्दच लागू होत नाही. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज घेणार नाही असे कळवले. त्याच साली मणिबेलीत पाणी शिरले, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथले शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले.

तळोद्याची गोष्ट मात्र बाहेर फार कमी लोकांना माहीत आहे. महाराष्ट्रातल्या विस्थापितांना द्यायला सपाटीवर जमीन सापडेना, म्हणून १९९० मध्ये केंद्राच्या परवानगीने तळोद्याचे २७०० हेक्टर राखीव जंगल मोकळे केले गेले. सोमावल, रोझवा, रेवानगर या वसाहती तिथल्या. आता या जंगलात कोणीच नव्हते का? होते. तळोद्याच्या बाजूचे आदिवासी तिथे आधीपासून कसत होते, आणि अर्थातच त्यांच्याकडेही सातबारा नव्हता. एका अतिक्रमणदाराला उठवून दुसऱ्या अतिक्रमणदाराला बसवले. भांडणे झाली, पोलीस आले. मी तेव्हा तिकडेच नोकरीला होतो. दोन्हीकडची मुले एकाच वर्गात शेजारी बसायची आणि त्यांचे बाप बांधावर काठ्या घेऊन उभे. मुलांमध्ये मात्र भांडण नव्हते. पावरी बोलणारे आणि भिल्ली बोलणारे दोघेही माझ्या मराठीला सारखेच हसायचे.

विजेचेही तसेच. धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला, पण ज्यांची गावे गेली त्या पाड्यांवर कंदीलच. धडगाव तालुक्यात बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर केरळातल्या दोन तरुण अभियंत्यांच्या मदतीने गावकऱ्यांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला. २००३ मध्ये पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात, धरणाची उंची वाढत असताना, तो पाण्याखाली गेला. 'स्वदेस' पाहून डोळे पुसणाऱ्यांनी ही दुसरी अर्धी गोष्टही ऐकावी.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २००० चा. पुनर्वसन होत जाईल तसे धरण वाढवा, असा. त्यानंतर २००१ मध्ये राज्य सरकारच्याच न्यायमूर्ती दाऊद समितीने पुनर्वसन अपुरे असल्याचे सांगितले. तेव्हापासून आमच्याकडे 'घोषित' आणि 'अघोषित' असे दोन शब्द रूढ झाले. अघोषित म्हणजे ज्याचे घर-शेत बुडते आहे पण यादीत नाव नाही. २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले, २०१९ मध्ये ते १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरले, आणि यादीचे वाद त्यानंतरही संपले नाहीत.

एक बदल मात्र झाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून. आणि नियमांत पुरावा म्हणून काय काय चालेल? घर, बांध, जुनी झाडे, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी उतरवलेला जबाब. कागद नसलेल्याची आठवण कागदाच्या बरोबरीला आली. अंमलबजावणी कशी झाली, हे नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्याकडचे आदिवासी ठाण्याहून मुंबईपर्यंत चालत गेले त्यावरून समजा. १३ फेब्रुवारी २०१९ ला तर सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, आणि १५ दिवसांनी स्वतःच त्याला स्थगिती दिली. ते १५ दिवस डोंगरात कसे गेले असतील, कल्पना करा.

निवृत्तीनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला त्याच्या गावी नेले होते, "गुरुजी, जबाब लिहायला चला, तुमचे अक्षर चांगले आहे." दिवसभरात बरेच जबाब लिहिले. एक म्हातारबाबा शेजाऱ्याच्या शेताची हद्द सांगत होते: वरच्या नाल्यापासून वाकड्या मोहापर्यंत, तिथून काळ्या दगडापर्यंत. केव्हापासून कसतो, विचारले तर म्हणाले, मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याच्या बापाने झुडपे काढली, तेव्हा मी बैल दिले होते. मी १९७१ लिहिले आणि त्यांचा अंगठा घेतला. दावा पाच एकरांचा होता. दोन वर्षांनी मोजणीवाले यंत्र घेऊन आले आणि पावणेदोन एकर मंजूर झाले. वाकडा मोह हद्दीबाहेर राहिला. उरलेल्या सव्वातीन एकरांचे अपील विद्यार्थ्याने स्वतः लिहिले आहे, आणि मराठी बरी आहे त्याची.