लोखंडाखालचं लाकूड

सातारा-सांगलीच्या कारखानदारीचा इतिहास लिहिताना नांगर येतो, इंजिन येतं, संस्थापकांची जिद्द येते. तयार झालेला माल गावाबाहेर कसा गेला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरं तर कारखाने कुठे उभे राहिले, हे ठरवण्यात त्या प्रश्नाचा मोठा वाटा होता. बेळगावातून बिऱ्हाड हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1910 मध्ये कुंडलजवळ माळ दिला. निवडुंग आणि सापांचं रान. पण कुंडल रोड स्टेशन हाताशी होतं. पुढे त्या स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. धनजीशहा कूपर यांनी 1922 मध्ये सुरू केलेला कारखानाही सातारा शहरात नव्हे, तर काही कोस दूर, सातारा रोड स्टेशनापाशी वाढला.

नांगर आणि कडबा कापायचं यंत्र सुटं करून पाठवता येतं. पंप, डिझेल इंजिन आणि लेथ आले तशी गोष्ट बदलली. यांचे मोठे भाग बिडाचे. बीड दाब भरपूर सोसतं, ठोका सोसत नाही. कोपऱ्यावर आपटलं तर तडा. त्यावर घासून, तासून गुळगुळीत केलेले पृष्ठभाग, म्हणजे गंजाचं आवडतं खाद्य.

आणि वाटेत पुणे होतं. पुणे-मिरज मार्ग मीटर गेज, 1000 मिलिमीटरचा. पुण्यापुढे मुंबईकडे जाणारा ब्रॉड गेज, 1676 मिलिमीटरचा. मुंबईला जाणारा प्रत्येक डाग पुण्यात एका वॅगनमधून काढून दुसरीत चढवावा लागे. मिरजेहून पंढरपूर-लातूरकडे जायचं तर बार्शी लाइटची 762 मिलिमीटरची गाडी, म्हणजे तिथेही पुन्हा तोच खटाटोप. पहारी, रूळ, दोर आणि हमालांचे खांदे. क्रेन सगळीकडे कुठली असायला! अशा प्रवासात यंत्राचं नशीब त्याखालच्या दोन वाशांवर अवलंबून असतं.

तेच स्किड. लेथसारख्या यंत्राला लांबीच्या दिशेनं दोन जाड वासे लागतात. यंत्राच्या पायांतल्या भोकांतून बोल्ट घालून ते पक्के आवळतात. वाशांची टोकं खालून तिरकी तासतात, म्हणजे यंत्र रुळांवर ढकलताना टोक जमिनीत रुतत नाही. लेथचं वजन दोन्हीकडे सारखं नसतं. हेडस्टॉककडची बाजू जड. म्हणून कॅरेज दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट करतात आणि दोर कुठे घालायचा, ती जागा रंगानं दाखवतात. त्यानंतर उघड्या लोखंडाला ग्रीस, वर डांबरी कागद आणि मगच फळ्या. नवखा सुतार पेटीच्या भिंती मजबूत करतो. मुरलेला सुतार आधी तळ बघतो, कारण भार भिंतींनी नाही, तळानं पेलायचा असतो.

फळ्यांचाही हिशेब होता. रेल्वे भाडं घेणार वजनावर, त्यात लाकडाचंही वजन धरून. त्यामुळे सगळीकडून बंद पेटीपेक्षा पट्ट्यापट्ट्यांचा मोकळा सांगाडा बरा पडे. पण पॅकिंग रेल्वेच्या नियमात बसलं नाही, तर माल मालकाच्या जोखमीवर जाई आणि मोडतोडीची भरपाई मागणं अवघड होई. काटकसर आणि धास्ती यांच्या मधोमध सुताराला उभं राहावं लागे. लाकूड साधंच: आंबा, सावर, मिळेल ते जंगली. ते ओलं असलं तर दुहेरी नुकसान. वाळताना आकसून खिळे सैल होतात आणि बाहेर पडणारा दमटपणा यंत्राला गंज चढवतो.

गंमत म्हणजे ओतकामाची सुरुवातही सुतारापासूनच. साच्यासाठी आधी सागवानाचा पॅटर्न लागतो, आणि तो करणारा कारागीर कारखान्यात मानाचा. त्याचं काम वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवतात. खोक्याचं काम मुक्कामी पोचताच पहारीनं उचकटलं जातं, फळ्या गोठ्याला किंवा चुलीला जातात. ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. पॅटर्न चुकला तर पुन्हा ओतता येतं, खोका चुकला तर ग्राहकाच्या दारात फुटलेलं बीड उतरतं.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-मिरज मार्ग ब्रॉड गेज झाला आणि पुण्यातली अदलाबदल संपली. ट्रकनं तर स्टेशनच वगळलं. फोर्कलिफ्ट आल्यावर वाशांमध्ये काटे घुसतील इतकी उंची ठेवणं भाग पडलं.

नवा नियम आला तो एका किड्यामुळे. चीनमधून आलेल्या खोक्यांच्या लाकडातून लांब मिशांचा भुंगेरा अमेरिकेत शिरला. 1996 मध्ये तो न्यूयॉर्कच्या झाडांवर सापडला. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं: निर्यातीच्या पॅकिंगचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटं तापवायचं किंवा मान्य धुरी द्यायची आणि गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारायचा. आज सातारा किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून परदेशी निघालेल्या यंत्राखालच्या वाशालाही हा शिक्का लागतो. प्लायवूडला त्यातून सूट आहे, कारण ते तयार होतानाच उष्णता आणि दाबाखालून जातं. त्यामुळे निर्यातीच्या पेट्यांच्या भिंती प्लायच्या करणं सोयीचं ठरतं; तळाला मात्र भरीव वासाच लागतो, भट्टीतून काढलेला.