बारा छेद पन्नास

भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमागवाल्याकडे जाऊन सांगून बघा, "शेठ, या डिझाइनचे फक्त पन्नास ताके काढा आणि मग डिझाइन कायमचं नष्ट करा, म्हणजे भाव चढेल." तो आधी तुमच्याकडे बघेल, मग चहा मागवेल, आणि चहा संपला की प्रेमाने रिक्षात बसवून देईल. इथला हिशोब सरळ आहे. माग चालला तर पैसा, थांबला तर खोट. भाव मीटरवर, आणि मीटर जितके जास्त तितकं बरं. मागांची खटखट ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनच 'लिमिटेड एडिशन' हे मोठं कोडं वाटायचं. छापायची सोय आहे, घेणारे आहेत, मग मुद्दाम थांबायचं कशाला?

गंमत म्हणजे आता याच भिवंडीच्या गोडाऊनांमधून ही लिमिटेड एडिशनही बाहेर पडते. ऑनलाइन काहीही मागवा, ट्रॅकिंगमध्ये कुठेतरी 'भिवंडी' दिसतंच. नवीन फ्लॅटची रिकामी भिंत भरायला आपण मंडळी फ्रेमसकट 'आर्ट प्रिंट' मागवतो. उदाहरणार्थ, राजा रविवर्म्यांची दमयंती. खाली कोपऱ्यात १२/५० असा आकडा, सोबत सोनेरी कडेचं सर्टिफिकेट, आणि किंमत अशी की महिन्याचं बजेट कोलमडावं. आता यातलं लिमिटेड नेमकं काय? हे समजायला रविवर्म्यांपासूनच सुरुवात केलेली बरी. कारण हा माणूस लिमिटेडच्या बरोब्बर उलट्या दिशेने गेला होता.

शिळाछापाचं तंत्र आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी शोधलं. तत्त्व शाळेतलं: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. शाई चित्राला चिकटते, ओल्या भागाला नाही. कागद दाबला की छाप तयार. मराठी मुलखाला हे तंत्र लवकर भेटलं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावरच. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात चित्रशाळा काढली, आणि नाना फडणवीस, रामपंचायतन असे रंगीत छाप घरोघर जायला लागले.

रविवर्म्यांनी सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली पौराणिक चित्रं १८९० च्या सुमारास मुंबईत लोकांसमोर मांडली गेली, तेव्हा बघायला झुंबड उडाली. पण चित्रं जाणार होती बडोद्याच्या राजवाड्यात. बघणारे हजारो आणि चित्र एक, हा प्रश्न कसा सोडवायचा? बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना आधीच सुचवलं होतं की चित्रं युरोपला पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्या. रविवर्मा आणि त्यांचे भाऊ राजा राजवर्मा यांनी त्याऐवजी थेट छापखानाच काढला. साल १८९४, जागा मुंबई, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मन. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती आणि बाकी सगळे देव. पुढे मुंबईत प्लेग पसरला, आणि १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी काही काळ या छापखान्याचं काम केलं होतं.

यातली मेहनत बघा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र बघून कारागीर त्यातले रंग सुटे करणार, एकेका रंगाचा भाग एकेका दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवणार, आणि मग एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून जाणार. एखादा दगड केसभर सरकला की देवीला दोन नाकं! शेवटी वॉर्निश, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी. एवढं सगळं करून वर '१२/५०' लिहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. उद्देशच मुळी जास्तीत जास्त घरांत पोहोचायचा होता. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली ती अशा छापांमुळे. (व्यवहार मात्र जमला नाही. कर्ज वाढलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना तिथल्याच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.)

मग हा छेदातला आकडा आला कुठून? तर तांब्याच्या पत्र्यातून.

ड्रायपॉइंट नावाची पद्धत आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढायचे. ओरखड्याच्या कडेला तांब्याची बारीक खरखरीत धार उठते, ती शाई धरून ठेवते, आणि छापात मखमली काळी रेघ उमटते. पण प्रत्येक छापाला दाबयंत्र ती धार थोडी थोडी चेपतं. काही डझन चांगले छाप निघाले की मजा संपली. म्हणजे सुरुवातीला मर्यादा ही धातूची होती. कुणी ठरवायची गरजच नव्हती.

एचिंगचा पत्रा, म्हणजे आम्लाने कोरलेला, जास्त टिकतो. इतका, की चित्रकार गेला तरी पत्रा राहतो. रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला, पण त्याच्या पत्र्यांवरून पुढे दोनशेहून जास्त वर्षं लोक छाप काढत राहिले. गोयाने 'काप्रिचोस' ही मालिका १७९९ मध्ये विकायला काढली. त्याचे पत्रे १८०३ मध्ये स्पेनच्या राजाकडे गेले, आणि त्यावरूनही गोयाच्या मागे आवृत्त्या निघाल्या. पत्रा अस्सल, चित्र अस्सल, पण चित्रकाराने तो छाप कधी पाहिलेलाच नाही. अशा छापांना 'रीस्ट्राइक' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवायची युक्ती निघाली आणि पत्र्याचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. शिळाछाप तर होताच. यंत्राची मर्यादा गेली. आता मर्यादा हवी असेल तर ती माणसाने शब्द देऊन पाळायची होती. जेम्स व्हिसलरची व्हेनिसची बारा एचिंग्ज १८८० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती 'शंभरच संच' असं जाहीर करून. हळूहळू पेन्सिलीची सही, छेदातला आकडा, आणि आवृत्ती संपली की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करणं, हे शिरस्ते पडत गेले.

म्हणजे १२/५० मधला ५० हा कागदाचा गुण नाही. ते वचन आहे: 'यापुढे मी छापणार नाही.' वचनाची किंमत ते देणाऱ्यावर अवलंबून असते, हे वेगळं सांगायला नको. साल्वादोर दालीने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचा सपाटा लावला होता. १९७४ मध्ये फ्रेंच कस्टमवाल्यांनी अँडोराकडे निघालेला एक ट्रक अडवला, तर त्यात दालीची सही असलेले सुमारे ४०,००० कोरे कागद! चित्र नंतर कुणीतरी छापणार, आकडा नंतर कुणीतरी टाकणार.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर कॉपी काढायला खर्चच नाही, त्यामुळे मर्यादा शंभर टक्के कृत्रिम. २०२१ च्या एनएफटी लाटेत हेच दिसलं. टोकन जगात एकच, पण चित्र राइट क्लिक करून कुणीही घ्या.

आता थोडं कामाचं. मुद्राचित्राच्या खाली डावीकडे आकडा, उजवीकडे सही, बहुतेक पेन्सिलीने. १२/५० मधला १२ फारसा महत्त्वाचा नाही, कारण आकडे छापल्याच्या क्रमानेच टाकले जातात असं नाही. (ड्रायपॉइंट अपवाद, तिथे सुरुवातीचे छाप खरंच सरस असतात.) 'एपी' लिहिलं असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत, आणि अशा प्रती पन्नासांच्या बाहेरच्या असतात. म्हणून विचारायचं ते असं: एकूण प्रती किती? हेच चित्र दुसऱ्या आकारात, दुसऱ्या कागदावर पुन्हा निघणार आहे का? आणि पत्र्याचं काय केलंत?

यानंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग काढा. ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके एका ठरावीक जाळीत बसलेले दिसतात. इंकजेटमध्ये बारीक तुषार विखुरलेले दिसतात. त्यालाच 'जिक्ले' असं भारदस्त फ्रेंच नाव आहे, पण ते १९९१ मध्ये अमेरिकेत ठेवलेलं. जुन्या शिळाछापात जाळी नसते. हाताने टाकलेले वेडेवाकडे ठिपके आणि एकावर एक चढलेले वेगवेगळे रंग दिसतात.

हे सगळं त्या दमयंतीला लावून बघा. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट कधीच संपला, त्यामुळे ती कुणीही छापू शकतो. त्यात गैर काही नाही. पण त्या कोपऱ्यातले पन्नास हे रविवर्म्यांचे पन्नास नाहीत, दुकानदाराचे आहेत. उद्या त्याने आकार दोन इंचांनी वाढवून नवे पन्नास काढले तर सर्टिफिकेट काय करणार? भिंतीला शोभतंय ना, मग पोस्टरच्या भावात खुशाल घ्या. पण आकड्याचे वेगळे पैसे मोजू नका.

उलट रविवर्मा प्रेसच्या जुन्या छापांवर कुठलाही आकडा नाही, आणि आज संग्राहक शोधतात ते तेच. जे भरपूर छापलं गेलं ते वापरलंही गेलं. हळदकुंकू लागलं, उदबत्तीचा धूर बसला, कसर लागली, काच फुटली की नदीत विसर्जन झालं. १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली, त्यात तिथलंही पुष्कळ गेलं. आणि काही घरांमध्ये या छापांवर जरी, टिकल्या, कापडाचे तुकडे शिवून देवीला खरीखुरी साडी नेसवलेली असायची. हजारोंमधली एक प्रत कुणा बाईच्या सुईने एकुलती एक झाली. असली आवृत्ती छापखान्याला काढता येत नाही.

आकडा टाळणारे नंतरही होऊन गेले. चित्तप्रसाद हा बंगाली चित्रकार अनेक वर्षं अंधेरीत राहिला. त्याने स्वस्तात पडणारे लिनोकट केले, तेही गरिबांची चित्रं साध्या माणसांपर्यंत जावीत म्हणून. त्याच्या अनेक छापांवर क्रमांक नाहीत. यंत्रमागवाल्याला हा माणूस लगेच कळला असता. :-)

म्हणून लिमिटेड एडिशन हा फसवा प्रकार आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. स्वतः पत्रा कोरणारा, स्वतः शाई पुसणारा, चाळिसावा छाप मनासारखा आला नाही म्हणून फाडून टाकणारा कलावंत जेव्हा 'पन्नासच' म्हणतो, तेव्हा त्या आकड्यामागे त्याचे हात आणि महिने असतात. जे. जे. आणि बडोद्याच्या मुद्राचित्रण विभागांतून अशी मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांचा एखादा छाप मोठ्या फोनपेक्षा स्वस्त मिळू शकतो. पहिलं चित्र घ्यायचं असेल तर त्यांच्याकडून घ्या, आणि जमलं तर पत्रा बघून घ्या.

असो, फारच लांबलं. गावच्या घरी माळ्यावर देवाची एखादी जुनी फ्रेम पडून असेल, तर भंगारात देण्याआधी चित्राच्या खालच्या कडेची बारीक ओळ वाचा. 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं दिसलं, तर छाप १८९९ च्या नंतरचा, मळवलीचा असायची शक्यता आहे. रविवर्म्यांच्या हयातीतलाच असेल असं नाही, कारण ते नाव पुढेही कित्येक वर्षं चालू होतं. आणि नकली ओळ छापणंही अवघड नाही, तेव्हा भिंग जवळ ठेवा. तिथे जाळी दिसली नाही, तर फ्रेमवाल्याकडे जाऊन नवी काच तेवढी बसवून घ्या.