इंजिन कोणत्या बाजूला फिरते? एका साध्या प्रश्नाचा दीर्घ इतिहास

२५ एप्रिल २०२३ रोजी कोचीच्या ‘वॉटर मेट्रो’चे उद्घाटन झाले आणि बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी बोटी तेथील जलमार्गांवर धावू लागल्या. त्यानिमित्ताने चर्चा झाली ती मुख्यतः प्रदूषणाची, आवाजाची आणि इंधनाच्या खर्चाची. नौकांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र या बदलाला आणखी एक अर्थ आहे. तेलावर चालणाऱ्या इंजिनाने बोटीवर शतकभर लादलेली एक अट विजेच्या मोटरीने दूर केली. ती अट म्हणजे एकाच दिशेने फिरण्याची.

बोटीच्या पोटात बसवलेले इंजिन कोणत्या दिशेने फिरते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु पंखा उजवा घ्यावा की डावा आणि गिअरपेटी कोणत्या प्रकारची असावी, हे त्याच्या उत्तरावर ठरते. उत्तर चुकले तर गिअर पुढचा टाकूनही बोट मागे सरकते. मग काही जण तोडगा म्हणून मागचा गिअर टाकून बोट पुढे चालवतात, आणि अखंड मागच्या गिअरमध्ये चालण्यासाठी न घडवलेली गिअरपेटी तापून निकामी होते. प्रश्न एका वाक्याचा असला, तरी तो निर्माण व्हायला आणि त्याला नीट उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला.

आरंभीच्या आगबोटींना हा प्रश्न पडलाच नाही. त्यांना दोन्ही बाजूंस मोठी वल्हीचाके असत. चाकाचा आस बोटीला आडवा असल्यामुळे ‘पुढे’ आणि ‘मागे’ एवढे दोन शब्द पुरत. बोट पुढे न्यायची तर चाकाचा पाण्यातला भाग मागे सरकला पाहिजे, हे कोणालाही दिसे. १८३६ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी काही आठवड्यांच्या अंतराने मळसूत्री पंख्याची पेटंटे घेतली. स्मिथचा पंखा म्हणजे दोन वेढ्यांचे लाकडी मळसूत्र होते. १८३७ च्या चाचण्यांत त्याचा निम्मा भाग मोडून पडला आणि बोट मंदावण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली! १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने ‘रॅटलर’ ही पंख्याची आणि ‘अलेक्टो’ ही वल्हीचाकांची, अशा दोन नौका पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटे ओढत नेले, आणि पंख्याची सरशी सर्वांना डोळ्यांनी दिसली.

पंख्याचा आस बोटीच्या लांबीला समांतर असतो. त्यामुळे आता दोन निरीक्षक संभवतात. पिछाडीकडून पाहणाऱ्याला जो पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसतो, तोच नाळेकडून पाहणाऱ्याला उलटा फिरताना दिसेल. दोघेही खरे बोलत असतील आणि तरी दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध असतील. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक भेद लक्षात घ्यावा. पंख्याच्या पात्यांचा पीळ हा पंख्याचा स्वतःचा गुण आहे. उजव्या आट्यांचा स्क्रू कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी उजवाच राहतो. फिरण्याच्या दिशेचे तसे नाही. ‘सव्य’ किंवा ‘अपसव्य’ या शब्दांना पाहणारा कोठे उभा आहे हे सांगितल्याशिवाय अर्थ येत नाही.

आपल्या परंपरेत याचे सुंदर उदाहरण आहे. देवघरातील दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ शंखाला प्राणिशास्त्रज्ञ ‘डाव्या वळणाचा’ म्हणतात. शंख तोच असतो आणि त्याचा पीळही तोच. परंपरा शंखाचे निमुळते, नळीचे टोक वर धरते, तर प्राणिशास्त्र त्याचा कळस वर धरते. त्यामुळे तोंडाची बाजू बदलते आणि नावही बदलते. नाव देण्यापूर्वी वस्तू कशी धरायची, हे ठरवावे लागते.

नौकाशास्त्राने पंख्यापुरते हे ठरवले. पिछाडीला उभे राहून नाळेकडे पाहावे. बोट पुढे जात असताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर तो उजवा, उलट फिरत असेल तर डावा. दोन पंख्यांच्या बोटीत बहुधा उजव्या अंगाला उजवा आणि डाव्या अंगाला डावा पंखा बसवतात. एकच उजवा पंखा असलेली बोट मागे घेताना तिची पिछाडी डावीकडे सरकते. धक्क्याला लागताना तांडेलाला हे ठाऊक असावे लागते.

तरीही प्रश्न अर्धाच सुटला होता, कारण तोपर्यंत नौकेत वाफेचे इंजिन होते आणि ते दोन्ही दिशांनी फिरू शके. वाफ दट्ट्याच्या कोणत्या बाजूला केव्हा सोडायची, एवढेच बदलावे लागे. १८४२ मध्ये न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात तयार झालेल्या जोडदांड्याच्या यंत्रणेने हे काम एका तरफेवर आणले, आणि पुढे ती आगबोटींतही आली. टर्बाइनने ही मुभा काढून घेतली, कारण तिच्या पात्यांची वक्रताच दिशा ठरवते. ‘टायटॅनिक’चे दोन बाजूंचे पंखे दट्ट्यांच्या इंजिनांवर चालत आणि उलटे फिरवता येत, मधला पंखा टर्बाइनवर होता, तो उलटा फिरवता येत नसे.

१८७६ मध्ये निकोलाउस ओटोने चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी केले. त्यातून आलेल्या छोट्या इंजिनांत दिशा पोलादातच कोरलेली असते. झडपा उघडणाऱ्या कॅमचे उंचवटे कोणत्या क्रमाने येतात, यावर इंजिनाची उजवी-डावी बाजू कायमची ठरते. दिशा बदलायची तर कॅमशाफ्ट, स्टार्टर आणि तेलपंप यांचाही विचार नव्याने करावा लागतो. म्हणून बोटीला पुढे-मागे नेण्याचे काम गिअरपेटीकडे गेले आणि इंजिन एकाच दिशेने फिरत राहिले.

इंजिनासाठीही उभे राहण्याची जागा ठरवावी लागली. आयएसओ १२०४ हे आंतरराष्ट्रीय मानक याच विषयाला वाहिलेले आहे. शक्ती बाहेर पडते त्या टोकाकडे, म्हणजे सामान्यतः फ्लायव्हीलकडे, तोंड करून उभे राहायचे आणि दिशा सांगायची. मोटारींच्या बहुसंख्य इंजिनांप्रमाणे बोटींची बहुसंख्य इंजिने तेथून अपसव्य फिरताना दिसतात. त्यांना ‘डावी’ म्हणतात. पूर्वी इंजिन समोरून हँडल मारून सुरू करीत. उजव्या हाताने हँडल फिरवणाऱ्याला समोरून जी दिशा सोयीची, ती मागून अपसव्य दिसते. प्रथेचे हेच कारण सामान्यतः सांगितले जाते.

घोटाळा नेमका येथेच होतो. फ्लायव्हील पिछाडीकडे असेल तर डाव्या इंजिनाला थेट जोडलेला पंखा डावाच लागतो. गिअरपेटी दिशा उलटवत असेल तर उजवा. काही बोटींत जागा वाचवण्यासाठी इंजिन उलटे बसवतात आणि फ्लायव्हील नाळेकडे येते. अशा बोटीत तेच डावे इंजिन पिछाडीकडून सव्य फिरताना दिसते.

जुने इंजिन हाती आले, त्यावरची पाटी झिजली आहे आणि ते सुरू करून पाहण्याजोगे नाही. मग काय करावे? झडपांवरचे झाकण काढून क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवावा आणि एकाच सिलिंडरच्या दोन झडपा पाहाव्यात. धूर सोडणारी झडप मिटत येते आणि लगेच हवा आत घेणारी झडप उघडते, असा क्रम दिसला तर आपण योग्य दिशेने फिरवत आहोत. आत घेणारी आधी मिटली आणि तिच्या पाठोपाठ धूर सोडणारी उघडली, तर दिशा उलटी आहे. चित्रफीत उलटी चालवावी तसा तो प्रकार असतो. येथे निरीक्षक कोठे उभा आहे याने काही फरक पडत नाही, कारण घटनांचा क्रम सर्वांना सारखाच दिसतो. दिशा कळल्यावर तिला सव्य की अपसव्य म्हणावे, हे ठरवण्यासाठी मात्र फ्लायव्हीलसमोर जाऊन उभे राहावे लागते.

भारताच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचा एक टप्पा केरळातच घडला. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळच्या नीण्डकरा परिसरात मासेमारीच्या होड्यांचे यांत्रिकीकरण सुरू झाले. शीड आणि वल्ही यांवर पिढ्यानपिढ्या पोसलेल्या कौशल्याशेजारी पंखा, शाफ्ट आणि गिअर यांचे नवे ज्ञान येऊन बसले.

त्याच राज्यात आता बोटी विजेवर चालू लागल्या आहेत. तीन तारांच्या विद्युत मोटरीच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. हेच काम आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक क्षणात करतो. वाफेच्या काळातली दोन्ही दिशांची मुभा परत मिळाली आहे. पण पंख्याच्या पात्यांना अजूनही उजवा किंवा डावा पीळ आहे आणि शाफ्टला अजूनही दोन टोके आहेत. म्हणून इंजिनाची दिशा कोणी विचारली, तर विद्यार्थ्याने उत्तर देण्यापूर्वी एक प्रतिप्रश्न अवश्य करावा: कोठून पाहिले असता?