कोणाकडे उतरलात?

रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात, म्हणजे इथल्या मराठी वस्तीत, नव्या माणसाला ‘कुठले तुम्ही?’ हे नंतर विचारत. आधी विचारत, ‘कोणाकडे उतरलात?’ कोणाकडे तरी उतरलेलाच असणार, हे गृहीत. ‘अजून कुठेच नाही जी’ असं उत्तर आलं, तर पंचाईत विचारणाऱ्याचीच व्हायची, कारण मग तो पाहुणा त्याच्याचकडे उतरलेला असे.

काशीला किंवा नाशिकला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे उपाध्याच्या वहीत पणजोबांची सही सापडते, की लगेच खोली मिळते, जेवणाचं पान वाढलं जातं. रायपूर तीर्थक्षेत्र नव्हे. इथे जो आला तो पोटासाठी आला, आणि पोटासाठी येणाऱ्याची वही कोणी ठेवत नाही. 1857 साली पेणजवळच्या वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत सापडले. ग्वाल्हेर काय, झांशी काय, परमुलखात त्यांना आधार झाला तो बहुतेक मराठी बिऱ्हाडांचा. त्यांचा ‘माझा प्रवास’ लोक झांशीच्या राणीसाठी वाचतात. मी रायपूरची, मी ते कोण कोणाच्या ओसरीवर टेकलं हे बघत वाचते.

इथे मराठी माणूस आला तो आधी घोड्यावरून. 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांनी रतनपूर घेतलं. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहूनच छत्तीसगडचा कारभार पाहिला. रायपूरला खरं महत्त्व आलं ते 1818 नंतर. इंग्रजांच्या कर्नल अॅग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून इकडे हलवलं. 1830 ला मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला, 1854 ला नागपूरचं राज्यच खालसा झालं, पण ठाणं रायपुरातच राहिलं. 1861 साली मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. मग नागपूर-वर्ध्याकडचे कारकून, मास्तर, वकील इकडे येत राहिले. ज्यांच्या हाती तलवार होती त्यांना मुक्कामासाठी कोणाला विचारावं लागलं नसेल. लेखणीवाल्यांना मात्र विचारावं लागलं.

प्रवास सोपा नव्हता. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, रायपूरला आला तेव्हा इथवर रूळच नव्हते. बैलगाडीने जंगलातून यावं लागलं. त्याचे वडील वकील. बुढापाऱ्यात त्यांना बंगाली घर मिळालं. म्हणजे बंगाल्यांचीही रीत आमच्यासारखीच. 1880 च्या दशकात नागपूरकडून राजनांदगावपर्यंत रूळ आले, मग बंगाल-नागपूर रेल्वेने ते रायपूर-बिलासपूरवरून पुढे नेले आणि 1891 मध्ये आसनसोलला जोडले. सडकेने येणाऱ्याला मात्र जी.ई. रोडवर आमापारा ओलांडला की तात्यापारा, आणि त्यानंतर बाजार. दमलेल्या माणसाला मराठी आधी ऐकू यायची, हे त्याचं नशीब.

माझे आजोबा आर्वीहून आले ते रेल्वेने. कचेरीत कारकुनीची आशा, आणि खिशात गावच्या मास्तरांनी एका ओळखीच्याला लिहिलेली चिठ्ठी. पत्ता असा नव्हताच, नुसतं ‘तात्यापारा, रायपूर’. टांगेवाल्याने विचारलं, ‘कहां जाबे गा?’ आजोबांनी चिठ्ठी पुढे केली. त्याला वाचता येत नव्हतं, पण टोपी बघून त्याने बरोबर आणून सोडलं. ज्यांच्या नावे चिठ्ठी होती त्यांची बदली बिलासपूरला झालेली. दारात दुसरंच बिऱ्हाड. त्या घरच्या गृहस्थांनी आधी पाय धुवायला तांब्या दिला आणि मग तपासणी सुरू केली. देशस्थ का? शाखा कोणती? आर्वीचे अमुक तुमचे कोण? तिसऱ्या प्रश्नाला दूरच्या मामाचं सासर निघालं. वळकटी ओसरीवरून आत गेली. एका रात्रीसाठी आलेले आजोबा लग्न होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

आजोबा हे मोठ्या कौतुकाने सांगत. त्यांच्याच डब्यातून आर्वीचाच एक महार मुलगा आला होता, त्यालाही रेल्वेत काम हवं होतं. त्याचं काय झालं, असं मी एकदा विचारलं. ‘तो स्टेशनावरच राहिला,’ म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले. त्याला तात्यापाऱ्यात ‘कोणाकडे उतरलास?’ असं कोणी विचारलं नसतं. आमचा पाहुणचार खरा होता, पण त्याला चाळणी होती, आणि जो चाळणीतून खाली राहिला त्याने आपली वस्ती आपण उभी केली. आमची माणसं या विषयावर गोड गोड लिहितात तेव्हा ही चाळणी नेमकी माळ्यावर जाते.

कौतुक कोणाचं करायचं हाही प्रश्नच आहे. पाहुणा आजोबांचा, चूल आजीची. आमच्याकडे शिकायला आलेली मुलं वाराने जेवत, आणि आजी त्यांना नावाने नाही, वाराने ओळखे. ‘मंगळवार आज तापाने पडलाय, त्याला पेज पाठव.’ सोमवारचा मुलगा आत्याशी फार बोलतो हे तिच्या लक्षात आलं, तर त्याचा वार गुपचूप दुसऱ्या घरी गेला. वर्ध्या-यवतमाळची ही पोरं ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. इथे दोन्ही वेळा भात, आणि सोबत चेचची नाहीतर लाखडीची भाजी. पहिले महिनाभर ती उपाशीच उठतात, असं आजी म्हणे. त्यांच्यासाठी ती ज्वारी मागवून ठेवी. दळायचीही तीच.

अशाच परक्या मुलखात शिकायला हिंडलेले एक म्हणजे माधवराव सप्रे. जन्म 1871, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. शाळा बिलासपूर-रायपूरला, पुढचं शिक्षण जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर असं गावोगाव. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. सोबत संपादक रामराव चिंचोलकर, मालक वामन बळीराम लाखे. तीन वर्षं चाललं. छत्तीसगडातलं पहिलं हिंदी मासिक मराठी घरच्या तिघांनी काढावं, यात मला नवल वाटत नाही. ज्यांच्या गावात आपण उतरलो त्यांच्या भाषेत काहीतरी परतफेड करायची, एवढी रीत त्या पिढीला होती. सप्र्यांनी पुढे ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, आणि 1926 मध्ये रायपुरातच देह ठेवला.

1935 साली महाराष्ट्र मंडळ निघालं. तेव्हा ‘कोणाकडे’ला ‘मंडळात’ हे उत्तर मिळालं, आणि बायकांच्या पाठीवरचं ओझं थोडं उतरलं. खरा खंड पडला तो 1 नोव्हेंबर 1956 ला. राजधानी भोपाळ झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आणि बदलीच्या कागदावरून येणारा मराठी कारकून बंद झाला. भिलाईच्या पोलाद कारखान्याने नवी माणसं आणली खरी, पण त्यांना क्वार्टर मिळत. त्यांना आमची ओसरी कशाला?

आज तात्यापारा चौकातून शारदा चौकापर्यंतच्या रस्तारुंदीची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, आणि जुन्या घरांचे पुढचे भाग दुकानांना गेलेत. ओसरी उरली तरी तिच्यावर मोबाइलची कव्हरं टांगलेली. विदर्भातून नोकरीला येणारी मुलगी फोनवर खोली बघून येते. फक्त वसतिगृहाच्या अर्जावर एक रकाना असतो, स्थानिक पालकाचं नाव. तो भरायला कोणीतरी लागतं, आणि तिची आई चंद्रपूरहून, भंडाऱ्याहून कुठून तरी माझा नंबर मिळवते. अशा काही अर्जांवर माझं नाव आहे. त्यांतल्या एकीला मी अजून पाहिलेलं नाही; मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, काकू, ज्वारीचं पीठ कुठे मिळेल?